पत्ते पिसल्याचा ठेका

‘व्हेस्परटाइन’ ऐकायचा तर मी आधी पंखा बंद करते. रात्री साडेदहानंतर गल्लीतली वर्दळ ओसरते, तेव्हा हेडफोन लावून बसते. ब्यॉर्कचा हा अल्बम मुळात बारीक आवाजांचाच आहे.

१९९७च्या ‘होमोजेनिक’मध्ये या आइसलँडच्या गायिकेने अंगावर येणारे दणदणीत ठेके वापरले होते. २००१च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘व्हेस्परटाइन’मध्ये तिने बरोबर उलटी वाट धरली. थंडीत दार लावून, स्वतःशीच गुणगुणावं असं काहीतरी तिला करायचं होतं. अल्बमचं आधीचं नावही ‘डोमेस्टिका’ होतं. तेव्हा लोक इंटरनेटवरून गाणी उतरवून कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरवर ऐकू लागले होते. अशा स्पीकरवर ढोलाचा घुमारा विरतो, बारीक, टोकदार सूर मात्र टिकतो. म्हणून हार्प, घंटेसारखा किणकिणणारा सेलेस्टा आणि म्युझिक बॉक्स आले. म्युझिक बॉक्स तर तिने खास बनवून घेतले. लाकडी पेटीत सूर मऊ होतो. तिला तो गोठलेला, टणक हवा होता, म्हणून पेट्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या केल्या.

पहिल्या दोन-तीन वेळा मला फक्त तिचा गळा आणि मागचा कोरस ऐकू आला. ‘हिडन प्लेस’ लगेच आवडलं, बाकीचं धुक्यासारखं वाटलं. तबला ऐकत वाढलेला माझा कान सम शोधत होता आणि ठेका काही हाती लागत नव्हता. मग ठरवलं, एका वेळी एकच पदर ऐकायचा. एक रात्र झीना पार्किन्सच्या हार्पची. एक रात्र फक्त ठेक्याची. त्या रात्री उलगडलं की चुरचुर, टिकटिक, सळसळ हाच ठेका आहे. पत्ते पिसल्याचा, बर्फ तडकल्याचा आवाज कापून, जुळवून लयीत बसवला आहे. अमेरिकेतल्या ‘मॅटमॉस’ या जोडीचाही या कामाला हातभार आहे.

सर्वांत सुंदर जागा अल्बमच्या मध्यावर आहे. ‘फ्रॉस्टी’ ही नुसत्या म्युझिक बॉक्सची छोटी धून. ती संपता संपता बर्फावर पाऊल पडल्याचा करकर आवाज येतो. कोणीतरी चालत निघालंय, असं वाटतं. पावलं थांबत नाहीत, त्यांच्यावरच हार्प उतरते आणि ‘ऑरोरा’ सुरू होतं. चालणं हीच त्या गाण्याची लय. कितव्यांदा ऐकतेय याचा हिशोब आता उरलेला नाही, पण त्या पावलांशी अजूनही अंगावर शहारा येतो.

‘कोकून’मध्ये तर ती कानाशी बोलावं तशी गाते. ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास, शब्द सुटताना ओठांचा होणारा बारीक आवाज, सगळं तसंच ठेवलंय. तो श्वास मला आता त्या ओळीइतकाच पाठ आहे. पंखा चालू असताना तो एकदाही ऐकू आला नव्हता.