गंजलेला बोल्ट सोडवावा कसा?

मृग जवळ आला आहे. एक वावर नांगरायचे राहिले आहे. नांगराचा फाळ झिजला, म्हणून बाजारातून नवा फाळ आणला. जुना काढायला बसावे, तर बोल्ट हलेना! पाना लावून जोर केला, तो पाना सटकला आणि बोटांची साले निघाली. मग रागाने घन उचलला. दोन घाव घातले आणि नांगराचा ओतीव भागच तडकला. काम होते एका बोल्टाचे. आता वणीचा हेलपाटा, खर्च, आणि ऐन हंगामातला दिवस बुडाला तो वेगळाच.

असे अनेकांच्या घरी होते. नांगराचेच नव्हे, पंपाचे, बंडीचे, पाण्यातल्या नावेचेही तसेच. बोल्ट जाम झाला की माणूस जोर करतो. पण जाम बोल्ट जोराने निघत नाही, तो युक्तीने निघतो. ती युक्ती काय, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

पाचर गेली, बोल्ट आला

आपल्या आजोबा-पणजोबांचा नांगर लाकडी होता. त्याला पाचर असे. पाचर ठोकली की सांधा घट्ट, उलट बाजूने ठोकली की सांधा मोकळा. तिथे गंजण्याचे काम नव्हते.

पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. १९१० साली त्यांनी आपला कारखाना किर्लोस्करवाडीला आणला. सुरुवातीला शेतकरी हा नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे लोक म्हणत. पुढे अनुभव आला आणि भीती गेली. लोखंडी नांगर घरोघर आला. त्याच्याबरोबर नट आणि बोल्ट आले. बोल्ट म्हणजे आटे पाडलेली सळई. नट म्हणजे तिच्यावर फिरणारी चाकी. हातोडी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पाना मात्र नवा होता. म्हणून आजही बोल्ट अडला की हात आधी हातोडीकडे जातो.

बोल्ट अडकतो कशाने?

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. गंज म्हणजे नुसता रंग नव्हे. लोखंड गंजले की फुगते. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज घेतो. आता बोल्टाचे आटे आणि चाकीचे आटे यांच्यात जागा असते केसाएवढी. त्या फटीत गंज फुगला, की तो पाचरीसारखा ठासून बसतो. बोल्ट अडकतो तो असा.

मीठ आणि खत यांनी गंज लवकर चढतो. म्हणून खत पेरायच्या अवजाराचे बोल्ट आधी जाम होतात. समुद्रावरच्या नावांचे हाल तर विचारू नका.

दोन निराळे धातू ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. ही गोष्ट इंग्रजांच्या आरमाराला मोठ्या किमतीने कळली. त्यांनी १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. खिळे मात्र लोखंडाचे होते. दोन वर्षांनी पाहतात तो खिळे खाऊन गेलेले! पण काही खिळ्यांपाशी तांबे आणि लोखंड यांच्या मध्ये कागद राहून गेला होता. ते खिळे चांगले होते. एवढ्याशा कागदाने खिळा वाचला.

लाकडाचाही गुण लागतो. बाभळीत तुरट रस असतो. ओल्या बाभळीत लोखंड काळे पडते आणि लवकर गंजते. सागवानात तेल असते. ते लोखंडाला सांभाळते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले सागवान सगळीकडे नावाजलेले आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडिया घराण्याच्या कारागिरांनी ‘त्रिंकोमाली’ हे जहाज सागवानाचेच बांधले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभे आहे.

आता बोल्ट सोडवू या

पहिले काम, साफ करा. तारेच्या ब्रशाने चाकीभोवतीची माती, गंज आणि बाहेर आलेले आटे घासून काढा. घाण आट्यांत असेल, तर चाकी तिथे येऊन पुन्हा अडकेल.

दुसरे काम, पातळ तेल द्या. दुकानात गंज सोडवायचे तेल मिळते. ते नसेल तर रॉकेल किंवा डिझेल चालेल. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसे पातळ तेल बारीक फटीत शिरते. जाड तेल शिरत नाही. जवसाचे तेल तर मुळीच घालू नका. ते वाळले की घट्ट होते, म्हणून तर ते रंगात घालतात. बोल्ट सुटायचा राहील आणि उलट चिकटेल.

तिसरे काम, थांबा. हेच सर्वांत अवघड! संध्याकाळी तेल घाला, झोपताना पुन्हा घाला आणि सकाळी कामाला लागा. बोल्ट फार जुना असेल तर दोन-तीन दिवस असे करा. म्हणून अवजाराचे बोल्ट मृगाच्या तोंडावर नव्हे, उन्हाळ्यातच पाहून ठेवावेत.

चौथे काम, हलके ठोके द्या. चाकीच्या एका बाजूला जड लोखंड टेकवा आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडीने टकटक करा. त्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते. ओतीव लोखंडावर घाव घालू नका. ते वाकत नाही, फुटते. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवा. पोलादावर पोलाद आपटले की कपची उडते. बोल्ट नवा मिळतो, डोळा मिळत नाही.

पाचवे काम, नेमका पाना लावा. पान्यावर १३, १७, १९ असे आकडे असतात. ते वाचा. ते मिलिमीटरचे माप आहे. काही जुन्या चाक्या इंचाच्या असतात. अर्ध्या इंचाच्या चाकीला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण किंचित सैल राहतो. जोर केला की चाकीचे कोपरे झिजून ती गोल होते. मग कोणताच पाना धरत नाही. तोंड उघड्या पान्यापेक्षा चाकीला सगळीकडून धरणारा रिंग पाना बरा. पाना आपल्याकडे ओढा. ढकलायची वेळ आलीच, तर तळहात उघडा ठेवून ढकला. मग सटकला तरी बोटे वाचतात.

सहावे काम, आधी किंचित आवळा, मग सोडवा. ऐकायला उलटे वाटेल, पण आवळताना गंजाची पकड तुटते. चाकी हलली की एकदम फिरवत सुटू नका. थोडी पुढे, थोडी मागे, थोडे तेल, असे करत जा. गंजाची भुकटी बाहेर येते आणि वाट मोकळी होते. पान्याला लांब पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकू नका. त्याने बोल्टाचे डोके तुटते आणि सळई आतच राहते.

चाकीकडे तोंड करून पाहिले, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ती आवळते आणि उलट दिशेने सुटते. काही ठिकाणी मात्र उलटे आटे असतात. सायकलचे डावे पायडल तसेच असते. तिथे आधी पाहून घ्या, मग जोर करा.

शेवटचा उपाय, ताप द्या. बाहेरची चाकी तापली की ती आधी फैलावते आणि पकड सुटते. पण हे काम जाणत्या लोहाराकडूनच करून घ्या. तेल लावल्या जागी आग लावू नका. डिझेलची टाकी, रबरी चाक, लाकूड, कापूस यांच्याजवळ ज्योत नको. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की ताप भरतो. तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी ओतू नका. ते तडकते.

नावेचा बोल्ट

मुकुटबनच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. नदीकाठच्या भोई-ढिवर बांधवांना नावेचे मोल सांगायला नको. नावेच्या वरच्या फळीवर दोर बांधायची लोखंडी कडी असते. ती बोल्टांनी बसवलेली असते. बोल्टाचे डोके वर, चाकी फळीच्या खाली. वरून पाऊस, खालून ओल. पुरात सगळी नाव त्या कडीवर टिकून असते. कडी उपटली तर नाव प्रवाहाला लागते, आणि नावेत माणसे असतात. म्हणून डगमगणारी कडी तशीच ठेवू नये.

हे काम नाव काठावर ओढून घेऊनच करा. दोन माणसे लागतात. वरचा डोके धरतो, खालचा चाकी फिरवतो. खालच्याने दिशा स्वतःच्या बाजूने पाहायची, वरच्याच्या नव्हे. यातच गोंधळ होतो आणि चाकी उलट आवळली जाते.

कधी लाकूड आतून कुजलेले असते. मग चाकीबरोबर सगळा बोल्ट गरगर फिरतो. अशा वेळी वरचे डोके कुलूप बसणाऱ्या पकडीने धरा. डोके गुळगुळीत असेल तर लोखंडाच्या करवतीने त्यावर खाच पाडा आणि खाचेत पेचकस घालून धरा. तेही जमले नाही, तर छिन्नीने किंवा करवतीने चाकीच कापून काढा. चाकी स्वस्त असते, फळी महाग असते.

चाकी निघाली तरी सळई फळीत घट्ट राहते. तिच्या उघड्या टोकावर हातोडी मारू नका. टोक पसरट होते आणि भोकातून जात नाही. टोकाशी एक चाकी बसवा, तिच्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि मग ठोका. खालून वर ठोकले की बोल्ट उचलला जातो.

बोल्ट निघाला म्हणजे काम संपले नाही. भोकात टोच्या घालून पाहा. लाकूड काळे आणि मऊ लागले तर ते कुजले आहे. त्यात नवा बोल्ट घातला तर तो उगाच दिखाव्याचा. कुजलेले सगळे कोरून काढा. जागा नीट वाळू द्या. पाण्यात न सुटणारा गोंद लावून सागवानी खुंटी ठोका आणि तिच्यात नवे भोक पाडा. कूज लांबवर गेली असेल तर फळीच बदला. चाकीखाली मोठी जाड चकती घाला, म्हणजे भार एका जागी पडत नाही.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

नवा बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस लावा. बोटभर ग्रीस पुढचा दिवसभराचा त्रास वाचवते. रेल्वेवाले रुळांच्या सांध्यांना दर वर्षी थंडीच्या दिवसांत वंगण देतात. आपल्या अवजारांनाही वर्षातून एकदा पाळी लावावी. हंगाम संपला की माती धुवा, कोरडे पुसा, बोल्ट एकदा सैल करून ग्रीस लावा आणि अवजार आडोशाला ठेवा. दोन निराळे धातू जोडायचे असतील तर मध्ये रबराची चकती घाला. वर सांगितलेला कागद आठवा!

आता एक शेवटची गोष्ट. रॉकेल किंवा डिझेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. तहानलेले लेकरू ते पिते. चुकून प्यालेच तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या. तेल वेगळ्या डब्यात ठेवा, उंचावर ठेवा. आणि तुम्हाला आता लिहिता येते. तेव्हा डब्यावर चिठ्ठी डकवा आणि स्वतःच्या हाताने ठळक अक्षरात लिहा : ‘डिझेल. पिऊ नये.’