फवारणी पंपाची बॅटरी अकालीं कां निकामी होते?

पाठीवरील फवारणी पंपांत पुष्कळदां १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. (लिथियमच्या बॅटरीचा हिशेब निराळा.) हंगाम सरला, कीं पंप तसाच माळ्यावर चढतो, आणि पुढील वर्षीं बॅटरी निकामी निघाल्याची ओरड होते. आमच्या मतें बहुधा दोष वापराचा नसून, ती रिती ठेवण्याचा असतो.

ह्या बॅटरींत सहा घरें असतात. वीज खर्च होऊं लागली म्हणजे शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो व गंधकाम्ल पातळ होत जातें. त्याबरोबर विजेचा दाबहि उतरतो. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते, निम्मी सरलेली १२.२, आणि ११.९ च्या आसपास ती जवळजवळ रिती समजावी. अर्ध्या व्होल्टांत निम्मी शिदोरी संपते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोजणी मात्र पंप व चार्जर दोन्ही काढून, कांहीं तासांनीं करावी. मोटर चालू असतां दाब कमी दिसतो. नुकतीच भरलेली बॅटरी उगाच फुगीर आंकडा दाखविते.

ताजें सल्फेट भरणीनें पुन्हां विरतें. तें आठवडेच्या आठवडे राहिलें, तर त्याचे टणक स्फटिक बनून पट्टीचा तेवढा भाग निरुपयोगी होतो. आमच्या जुन्या महसुली भाषेंत, चालू बाकी वसूल होते, जुनी थकबाकी बुडते.

यास्तव फवारणी आटोपतांच त्याच दिवशीं बॅटरी पूर्ण भरावी. नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते. म्हणून बिनहंगामांत दर दोन महिन्यांनीं तिला पुन्हां चार्जर लावावा.