काचपेटींतील आफ्रिकी मासे व वाणाची शुद्धता

शाळूच्या बियाण्यांत परक्या ज्वारीचें बीं मिसळलें गेलें, तर तें कणीस बाहेर पडेपर्यंत ओळखूं येत नाहीं. आणि ओळखूं येतें तेव्हां हंगाम हातचा गेलेला असतो. ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. कळपांत कोणता वळू सोडावा याचा चार दिवस विचार करणारा शेतकरी मुलांच्या हट्टास्तव तालुक्याच्या गांवीं मासे घेण्यास जातो, तेव्हां मात्र दोन पिवळे, दोन निळे, दोन नारिंगी अशी रंगावर नजर ठेवून खरेदी करतो. अलीकडे आपल्या सभासदांच्या घरोघरीं काचेच्या टाक्या आल्या आहेत व त्यांत आफ्रिकी सिक्लिड मासे (ज्यांस दुकानदार ‘सिचलिड’ म्हणतात) विशेष दिसूं लागले आहेत. त्यांस जड व किंचित् अल्कधर्मी गुणाचें पाणी मानवतें, यामुळें आपल्या विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं त्यांस चालतें. कोणते मासे एकत्र नांदतात, असा प्रश्न आम्हांस अनेकांनीं विचारला. हा प्रश्न अर्धाच आहे. कोणते मासे नको तितके एकत्र नांदतील, हा दुसरा अर्धा भाग होय, आणि तो कोणी विचारीत नाहीं. आम्हींही विचारला नव्हता.

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी आम्हीं प्रथम घेतली, तेव्हां तींत पांच पिवळे व चार नारिंगी मासे सोडले. पिवळा तो लॅबिडोक्रोमिस सेरूलियस. बाजारांत त्यास ‘इलेक्ट्रिक यलो’ म्हणतात. नारिंगी तो ‘रेड झेब्रा’. दोन्ही एकाच सरोवराचे व एकाच आकाराचे असून आपसांत फारसे भांडत नव्हते, म्हणून जोडी उत्तम जमली असें आम्हांस वाटलें. कांहीं महिन्यांनीं एका पिवळ्या मादीचा जबडा फुगलेला दिसला व तिनें खाणें सोडलें. हे मासे अंडीं तोंडांत उबवितात, हें आम्हांस ठाऊक होतें. सुमारें तीन आठवड्यांनीं तिच्या तोंडांतून सतरा पिलें निघालीं. आम्हीं तीं वेगळ्या टाकींत वाढविलीं आणि बोटाच्या पेराएवढीं होतांच तीन घरीं वाटून टाकलीं. पिलें पिवळ्या मादीचीं, तेव्हां पिवळींच, असा आमचा हिशोब.

त्या तीन घरांपैकीं एक सभासद शुद्ध पिवळ्या माशांची पैदास करून पिलें दुकानदारास देत असत. अनेक पिढ्या एकाच रक्ताच्या झाल्यामुळें मासे लहान राहूं लागले होते, म्हणून नवें रक्त यावें या हेतूनें त्यांनीं आमचीं सहा पिलें आपल्या कळपांत सोडलीं. पुढें सात-आठ महिन्यांनीं त्या माशांच्या पिवळ्या रंगांत नारिंगी झांक येऊं लागली, अंगावर फिकट उभे पट्टे दिसूं लागले, आणि पाठीच्या परावरील जी ठळक काळी रेघ या जातीचें लक्षण, ती पुसट झाली. तोंवर त्यांची पुढची पिढीही झाली होती. आमच्या टाकींत पिवळ्यांपैकीं नर एकच होता व त्यास नारिंगी नरानें कोपऱ्यांतून बाहेर येऊं दिलें नव्हतें, हें आम्हांस त्यानंतर उमगलें. आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं गेलों व झालें तें सांगितलें. त्यांनीं एक शब्दही लावून बोलला नाहीं; परंतु त्यांची पांच वर्षांची निवड आमच्या सहा पिलांनीं घालविली होती.

असें कां व्हावें, हें समजण्यास मूळ ठिकाणाकडे पाहिलें पाहिजे. या माशांचें मूळ स्थान म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील तीन मोठीं सरोवरें : मलावी (पूर्वीचें न्यासा), टांगानिका व व्हिक्टोरिया. आपल्या धरणांत सांपडणारी चिलापीही याच आफ्रिकी कुळांतली. ती १९५२ सालीं भारतांत आणली गेली. एकट्या मलावी सरोवरांत सिक्लिडांच्या शेंकडों जाती आहेत, आणि त्या बहुतेक त्या सरोवराबाहेर जगांत कोठेंही नाहींत. सृष्टीच्या हिशोबानें या जाती अगदीं अलीकडे वेगळ्या झाल्या. त्यामुळें घोडा व गाढव यांच्या संकरापासून झालेल्या खेचराप्रमाणें यांची संतति वांझ निघत नाहीं. ती पुढें सुखानें वाढते. मग सरोवरांत त्या वेगळ्या कशा राहतात? मुख्यतः मादीच्या नजरेमुळें. मादी आपल्या जातीच्या नराचा रंग व त्याचा नाच ओळखून त्याच्याच जागेवर अंडीं घालते, तीं तत्काळ तोंडांत घेते, आणि नराच्या गुदपरावरील अंड्यांसारख्या ठिपक्यांना तोंड लावते, तेव्हां अंडीं फळतात. सगळा व्यवहार थोड्या वेळाचा. आवडीचा नर नसेल तर ती सरोवरांत दुसरीकडे जाऊं शकते. टाकींत चार भिंती.

या नजरेचें महत्त्व व्हिक्टोरिया सरोवरांत फार स्पष्ट दिसून आलें. ओले सीहाउझेन व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, किनाऱ्यावरून वाहून आलेल्या द्रव्यांनीं जेथें पाणी गढूळ झालें, तेथें माशांचे रंग फिके पडले व जातींची संख्या घटली. प्रयोगशाळेंत लाल व निळा रंग वेगळा दिसूं नये असा एकरंगी प्रकाश टाकला, तेव्हां माद्यांची निवडही बिघडली. म्हणजे दोन जातींमधील बांध हा डोळ्यांत होता. शेतांतील माती व खत वाहून जाऊं न देणें हें माशांच्या वंशाचेंही रक्षण आहे, हें जातां जातां नमूद करतों.

आतां निवडीकडे वळूं. प्रथम, एका टाकींत एकाच सरोवराचे मासे ठेवावे; पाणी, खाणें व स्वभाव यांचा मेळ त्यानेंच बराचसा बसतो. मलावींतील खडकांत राहणाऱ्या माशांना तेथील कोळी ‘म्बुना’ म्हणतात. त्यांपैकीं पुष्कळांचें पोषण खडकांवरील शेवाळावर होतें, म्हणून त्यांस मांसाहार फार घातला तर पोट फुगून ते मरतात. हे मासे भांडखोर आहेत. चार-पांचच ठेवले तर एक नर बाकीच्यांस झोडपून काढतो; पंधरा-वीस ठेवले, दगडांच्या कपारी भरपूर रचल्या, आणि दर आठवड्यास तृतीयांश पाणी बदललें, तर त्याचा राग अनेकांत वांटला जातो. मेलॅनोक्रोमिस ऑराटस हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा लहानपणीं फार गोंडस दिसतो व दुकानदार तो हमखास पुढें करतात. तो घेऊं नये. मोठा झालेला त्याचा नर टाकीचा पाटील होऊन बसतो.

दुसरी व खरी कसोटी ही कीं, टाकींतील कोणत्याही दोन जाती एकाच गणांतल्या नसाव्यात, आणि त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या नसाव्यात. नर सर्वांना ओळखूं येतात. फसगत होते ती माद्यांत. सौलोसी नांवाच्या जातीचा नर निळा व काळ्या पट्ट्यांचा, पण मादी पिवळी. ती इलेक्ट्रिक यलोच्या टाकींत नको. त्याच सौलोसीबरोबर डेमासोनी ठेवूं नये, कारण दोघांचा गण एक आणि नरांचे निळे-काळे पट्टेही मिळतेजुळते. उलट पिवळा लॅबिडोक्रोमिस, जांभळट तांबूस ‘रस्टी’ (आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी) आणि निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा ‘आसेई’ हे त्रिकूट आम्हांस पसंत आहे. तिघांचे स्वभाव त्यांतल्या त्यांत सौम्य, रंग भिन्न, आणि नर-मादी दोघेही आपापल्या जातीचा रंग बाळगतात. प्रत्येकाचा एक किंवा दोन नर व दर नरामागें तीन-चार माद्या असाव्यात. स्वतःच्या जातीची जोड ज्यास मिळते, तो परक्याकडे क्वचितच वळतो. क्वचितच म्हणतों, कधींच नाहीं असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस आतां राहिलें नाहीं.

ऑलोनोकारा, म्हणजे बाजारांतील ‘पीकॉक’, यांच्या बाबतींत तर जास्तच जपावें. सर्व जातींच्या माद्या सारख्याच करड्या. अनुभवी माणूसही त्या निवडूं शकत नाहीं. दोन जातींचे पीकॉक माद्यांसह एकत्र ठेवले कीं संकर झालाच म्हणून समजावें. ज्यांस अनेक रंग हवे असतील त्यांनीं निरनिराळ्या जातींचे केवळ नर ठेवावे, मादी एकही नको. ठिपक्याठिपक्यांचा ‘ओबी पीकॉक’ मिळतो, तो सरोवरांतला नव्हेच. माणसानें संकर करून काढलेला आहे. शोभेस ठेवण्यास हरकत नाहीं.

टांगानिकाच्या माशांविषयीं थोडेंच सांगतों. त्यांतील ट्रोफियस एकाच जातीचा असूनही किनाऱ्याच्या प्रत्येक भागांत निराळ्या रंगाचा असतो, म्हणून दोन ठिकाणचे ट्रोफियस मिसळूं नयेत. ज्युलिडोक्रोमिसच्या दोन जातीही एकत्र नकोत.

मासा घेतांना तो कोणत्या जातीचा, कोठून आला, कोणाकडून व कोणत्या तारखेस घेतला, हें वहींत लिहून ठेवावें. फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत आमची नोकरी गेली, आणि घरच्या टाकीची एक ओळ आम्हीं लिहिली नव्हती! मिश्र टाकींत झालेलें पिलूं, मग तें कितीही शुद्ध दिसो, जातीचें नांव लावून कोणास देऊं नये.

परत आणलेले अकरा संकरज मासे आमच्या घरीं वेगळ्या टाकींत आहेत. ते कालव्यांत सोडून द्यावे, असें घरांतून सुचविण्यांत आलें होतें. परंतु परका मासा पाण्यांत पडला म्हणजे पुन्हां गोळा करतां येत नाहीं, हें चिलापीनें धरणाधरणांतून दाखविलें आहे. ते तेथेंच म्हातारे होतील. त्या सभासदांनीं आपली जुनी टाकी रिकामी करून नव्यानें आठ पिवळे मासे आणले. गेल्या महिन्यांत त्यांच्या एका मादीचें तोंड भरलेलें आम्हीं पाहिलें, आणि त्यांनीं आम्हांस तिच्या नोंदीचें पान उघडून दाखविलें.