पानाच्या डाव्या अंगाची फोड

पंगतीत पान मांडले की वाढपी प्रथम मीठ वाढतो आणि त्याच्या शेजारी लिंबाची एक फोड ठेवतो. पुढे वरणभात येतो, भाज्या येतात, पक्वान्ने येतात; त्यांची तारीफ होते, त्यांचा आग्रह होतो; परंतु त्या फोडीचा आग्रह कोणी कोणाला केल्याचे ऐकिवात नाही. असे असूनही लिंबूवर्गीय फळांच्या गुणांविषयी जे ज्ञान पाश्चात्त्य वैद्यकाने हजारो दर्यावर्दींचे प्राण गमावून संपादन केले, मध्यंतरी हरवले आणि पुन्हा मिळवले, त्याचे सार त्या फोडीत आणि ती ऐन जेवणाच्या वेळी चिरून पानात पिळण्याच्या आपल्या शिरस्त्यात साठवलेले आहे, असे मला मनापासून वाटते.

या फळांचे कुल मोठे आणि पुरातन आहे. महाळुंग, पपनस आणि संत्रे ही त्यातील मूळ घराणी. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक जाती यांच्या आणि यांच्या भाऊबंदांच्या संकरातून निपजल्या, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मोसंबी ही पपनस आणि संत्रे यांची संतती होय; तिचे नाव मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिकची आठवण सांगते. संस्कृतातील ‘नारंग’ फारसीमार्गे अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांच्या मुखाने युरोपात पोचला. जे फळ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती आहे ते महाळुंग, आणि गोव्यात गणेशचतुर्थीला मूर्तीवर बांधायच्या माटोळीला जे मानाने टांगले जाते ते पपनस. आपल्या देवघरात या कुलाचा प्रवेश असा जुना आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या कुलाची राजधानी विदर्भात आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या मुलखातील बागाईतदाराला त्याची थोरवी कोणी कागदावर लिहून देण्याची गरज नव्हती. तो जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, ठरावीक काळ झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो आणि मग पाणी सोडून बहार धरतो. आंब्याच्या मोहोराबरोबर फुलणारा तो आंबिया बहार, मृगाच्या पावसावर फुलणारा तो मृग बहार. आंबियाची फळे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतात. तहान सोसल्याशिवाय झाड फुलावर येत नाही, हे या शेतीचे मर्म होय.

या फळांच्या औषधी गुणाची हकीकत मात्र समुद्रावर घडली. वास्को द गामाची गलबते १४९९ साली हिंदुस्थानाहून परत जात असता हिरड्या सुजून, हातपाय काळवंडून त्याचे खलाशी पटापट मरू लागले, आणि आफ्रिकेचा किनारा लागताच त्यांनी आधी संत्री मागवली. तो रोग स्कर्व्ही. पुढे १७४७ साली इंग्रजी आरमारातील जेम्स लिंड या स्कॉटिश शल्यवैद्याने ‘सॅलिस्बरी’ जहाजावरील बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपचार दिला. शिर्का, समुद्राचे पाणी, सौम्य केलेले गंधकाम्ल यांपैकी कशाचाच म्हणावा तसा उपयोग झाला नाही. परंतु ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, तिच्यातील एक खलाशी सहा दिवसांत कामावर रुजू होण्याजोगा झाला. एवढा ढळढळीत दाखला समोर असूनही आरमारात लिंबाच्या रसाची तजवीज व्हायला १७९५ साल उजाडले.

आणि येथेच या कथेतील खरी शिकवण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमाराने भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडिजमधील लहान लिंबाचा रस घेण्यास सुरुवात केली. त्या रसात सत्त्व मुळातच कमी होते. त्यात तो तांब्याच्या नळ्यांतून वाहिला, हवेत राहिला, महिनोन्‌महिने साठवला गेला. परिणाम असा, की १८७५ साली निघालेल्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत लिंबाचा रस जवळ असतानाही स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. आंबटपणा शिल्लक होता, गुण उडून गेला होता. त्या गुणाला नाव मिळाले ते विसाव्या शतकात. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने ज्या द्रव्याचा छडा लावला ते क जीवनसत्त्व ठरले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक प्राणी हे सत्त्व स्वतःच्या शरीरात निर्माण करतात. मनुष्याला ते अन्नातूनच घ्यावे लागते. त्यावाचून शरीरातील पेशीजालांना सांधणारे प्रथिन नीट तयार होत नाही, म्हणूनच हिरड्या फुटतात आणि जखमा भरत नाहीत.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. हे सत्त्व उष्णतेने नाश पावते. आणि पोह्यांवर, उसळीवर, वरणभातावर लिंबू पिळतात ते भांडे चुलीवरून उतरल्यावर, बहुधा पानातच. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह शरीराला सहजी लागू पडत नाही. त्याच घासाबरोबर लिंबाचा रस पोटात गेला तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. ज्या घरांत मांसाहार नाही, त्या घरांतील स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. शंभर ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. रस गाळून पिण्यापेक्षा फळ फोडी सोलून खाल्ले तर चोथ्याचाही लाभ होतो. वैशाखात उन्हातून आलेल्या माणसाला मीठ-साखर घालून दिलेले लिंबाचे सरबत घामावाटे गेलेले पाणी व क्षार भरून काढते. त्यातील सायट्रिक आम्ल मूत्रमार्गे जाताना काही प्रकारचे मुतखडे होण्यास अटकाव करते. पितळेत आंबट कळकते म्हणून लोणचे चिनीमातीच्या बरणीत घालणारी आजी, आणि त्याच आंबटाने दिवाळीपूर्वी देवघरातील समया लख्ख उजळणारी तिची सून, दोघींनाही लिंबू आणि धातू यांचे नाते पक्के ठाऊक असते. संत्र्याची साल वाळवून, कुटून अभ्यंगस्नानाच्या उटण्यात पडते. तिच्यातील सुगंधी तेल इतके ज्वालाग्राही, की पणतीजवळ साल दुमडली तर ज्योतीत ठिणग्या फुलतात.

परंतु गुण सांगताना मर्यादा सांगणे हेही लेखकाचे कर्तव्य आहे. लिंबाने सर्दी टळते, हा समज प्रयोगांत टिकलेला नाही. वारंवार आंबट चोखल्याने दातांचे कवच झिजते. ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांचा प्रभाव अनिष्ट रीतीने वाढवतात, म्हणून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

एका बलाढ्य आरमाराने रसाची पिंपे भरून ठेवली आणि त्यातला प्राण गमावला. आपल्या पूर्वजांनी एवढेच केले, की लिंबू साठवून न ठेवता जेवणाच्या वेळी चिरले आणि पिळण्याचे काम जेवणाऱ्याच्या हातावर सोपवले. त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, रीत मात्र अचूक होती. आज कारणही आपल्या हाती आहे. तेव्हा बाटलीबंद रसाच्या या दिवसांत ती रीत तरी मोडू नये. या दिवाळीत पान वाढले जाईल तेव्हा पक्वान्नाकडे हात जाण्यापूर्वी डाव्या अंगाची ती फोड उचलावी, आणि भातावर शेवटच्या थेंबापर्यंत पिळावी.