नाण्यामागचा माणूस कोण?

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, किंवा तेंदूपत्त्याच्या पुडक्यांची मजुरी हाती पडली, की मुलचेरा तालुक्यातल्या घरांत चार पैसे दिसतात. वर्षात असे दिवस थोडेच असतात. नेमके याच दिवसांत पाहुणे येतात. कधी कधी तो पाहुणा आपलाच भाचा असतो. तो मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "मामाजी, नवीन नाणे निघाले आहे. आज दहा हजार टाका. दर महिन्याला घरबसल्या पैसा येते."

अशा वेळी काय करावे? हो म्हणण्याआधी आणि नाही म्हणण्याआधीही एक प्रश्न विचारावा. या नाण्यामागे माणूस कोण आहे?

खिशातली एक नोट काढा. आता आपल्याला वाचता येते, म्हणून ती वाचून पाहा. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे नाव आहे आणि गव्हर्नरची सही आहे. म्हणजे नोटेमागे कोण उभे आहे, ते नोटेवरच लिहिलेले असते. भाच्याच्या मोबाइलमधले नाणे हातात धरता येत नाही. ते म्हणजे संगणकातली एक नोंद. तिला क्रिप्टो किंवा आभासी चलन म्हणतात. तिच्यावर सरकारची सही नसते. मग ती नोंद कोण ठेवतो, आणि आपले पैसे कोणाच्या हाती जातात, हे आपणच शोधले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातच घडलेली एक गोष्ट ऐका. २०१५ साली 'गेनबिटकॉइन' नावाची योजना सुरू झाली. बिटकॉइन हे सर्वांत जुने आभासी नाणे. ते आमच्याकडे ठेवा, अठरा महिने दर महिन्याला शेकडा दहा परत देऊ, असे लोकांना सांगण्यात आले. हिशेब करा. शंभर दिले तर अठरा महिन्यांत एकशे ऐंशी! बँक वर्षभर पैसे ठेवून घेते, तरी शेकडा सहा-सातच व्याज देते.

ही योजना अमित भारद्वाज, त्याचा भाऊ अजय आणि त्यांचे दलाल यांनी व्हेरिएबलटेक नावाच्या कंपनीच्या आडून चालवली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. काही काळ पैसे मिळाले. त्यामुळे लोकांचा विश्वास बसला आणि त्यांनी भाऊबंदांनाही ओढले. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच नाणे देऊ लागले. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. अंमलबजावणी संचालनालय म्हणते की लोकांकडून घेतलेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ सालीच ६,६०० कोटी रुपये होती.

२०१८ साली पुणे पोलिसांनी अमित भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. तपासात मदत करायला म्हणून पोलिसांनी दोन जाणकार घेतले होते. जप्तीतली काही नाणी त्यांनीच वळती केली, या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये त्यांनाही अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या तक्रारी सीबीआयकडे सोपवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. योजना सुरू होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. पैसा जायला एक दिवस पुरतो. तो शोधायला मात्र दहा वर्षेही कमी पडतात.

दुसरी गोष्ट 'वनकॉइन'ची. हे नाणे २०१४ साली युरोपातल्या बल्गेरिया देशातून निघाले. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्याची सभा भरली होती. पोलिसांनी तिथे छापा घालून लोकांना पकडले. सभेत होते ते दलाल. मुख्य बाई रुजा इग्नातोव्हा परदेशात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बेपत्ता झाली. २०२२ साली अमेरिकेच्या पोलिसांनी तिचे नाव सर्वांत हव्या असलेल्या दहा आरोपींच्या यादीत घातले. तिचा भागीदार ग्रीनवुड याला २०२३ साली तिथल्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली.

इथे भाचा म्हणेल, "मामाजी, बिटकॉइन कोणी काढले ते तरी कुठे माहीत आहे?" खरे आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणी तरी त्याची कल्पना मांडली. तो माणूस कोण, हे आजवर जगाला कळलेले नाही. पण एक फरक आहे.

तेंदूच्या हंगामात मुन्शी पुडके मोजून वहीत लिहितो. वही त्याच्या एकट्याकडे असली, तर रात्री खाडाखोड होऊ शकते. पण तीच नोंद गावातल्या प्रत्येक घरच्या वहीत असली तर? मग एकट्या मुन्शीची लबाडी चालत नाही. बिटकॉइनची वही अशी हजारो संगणकांवर आहे आणि कोणालाही पाहता येते. वनकॉइनची अशी खरी, उघडी वही नव्हतीच. भाव काय दाखवायचा, ते मालकच ठरवत होते. एवढे असूनही बिटकॉइनचा भाव एका वर्षात निम्म्याहून खाली आल्याची उदाहरणे आहेत. वही उघडी असली, तरी नफ्याची हमी नसते.

म्हणून कोणी नवे नाणे घेऊन आला, तर त्याला पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. मालकाचे नाव आणि पत्ता काय? कंपनी भारतात नोंदलेली असेल, तर तिचे नाव व संचालकांची नावे केंद्र सरकारच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर दिसतात. सेतू केंद्रातल्या मुलाला दाखवायला सांगा. पण कंपनी नोंदलेली असणे म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे.

२. ठेवी घ्यायची परवानगी कोणी दिली? रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर ते पाहता येते. तिथे तक्रारही करता येते.

३. नफा कुठून येतो? धंदा कोणता, तो सांगता आला पाहिजे. "नवीन माणसे आणा" हेच उत्तर असेल, तर तिथून उठावे.

४. आज टाकलेले पैसे उद्या परत मिळतील का? आधी टाकलेले पैसे रुपयांतच परत मागून पाहा. उत्तर तिथेच कळते.

कोणी म्हणेल, सरकार क्रिप्टोवर कर घेते, म्हणजे सरकारची मान्यता आहे. तसे नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर शेकडा तीस कर आहे. कर घेतला म्हणून सरकार आपल्या पैशांची हमी घेत नाही.

आता माणसे आणण्याचा हिशेब करू. एकाने दोन आणले, त्या दोघांनी प्रत्येकी दोन आणले, म्हणजे चार झाले. दहाव्या पायरीला १,०२४ माणसे लागतात. विसाव्या पायरीला १०,४८,५७६ लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या गडचिरोली जिल्ह्याची सारी लोकसंख्या, तान्ह्या मुलांसकट, सुमारे १० लाख ७२ हजार होती. एकविसाव्या पायरीची माणसे कुठून आणणार? म्हणून शेवटी आलेला बुडतो. आणि आपल्या रानातल्या गावांपर्यंत अशी योजना बहुधा शेवटीच पोचते.

पैसे गेलेच असतील, तर लाजून घरात बसू नये. मोबाइलमधले निरोप पुसू नयेत. पावत्या जपून ठेवाव्यात. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. परवानगीविना ठेवी घेणाऱ्या योजनांवर देशात २०१९ सालापासून बंदीचा कायदा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. त्याखाली फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते.

राहिला भाचा. त्याच्यावर रागावू नका. बहुतेक वेळा तोही फसलेलाच असतो. त्याने आपले पैसे आधीच टाकलेले असतात आणि ते सुटावेत म्हणून तो आपल्याकडे येतो. त्याला खाटेवर बसवा, पाणी द्या आणि म्हणा, "बाबू, तुझ्यावर आमचा भरवसा आहे. पण पैसे तुझ्याकडे राहणार नाहीत. ज्याच्याकडे राहणार, त्याचे नाव या कागदावर लिहून दे."

तो नाव लिहू शकला नाही, तर कागद कोराच राहील. त्या कोऱ्या कागदावर आपण आपली सही किंवा अंगठा देऊ नये, आणि घामाचा पैसाही देऊ नये.