भुलीचें औषध आणि हृदयाचीं शक्तिगृहें

सातारा-सांगलीकडे एखाद्या रोग्यास 'मिरजेस नेलें' म्हटलें, कीं दुखणें मोठें आहे हें ऐकणारास कळतें. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय काढलें, तेव्हांपासूनची ही ख्याति. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देतात ती वेदना कळूं नये म्हणून, एवढेंच आपण बहुधा जाणतों. परंतु हुंगावयाच्या कांहीं औषधांच्या अंगीं याहून निराळा एक गुण आहे.

हृदयाच्या प्रत्येक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नांवाचीं सूक्ष्म शक्तिगृहें असतात. कोयनेची उपमा येथें तंतोतंत लागूं पडते. धरणामागें सांचविलेलें पाणी खालीं सोडलें, कीं त्याच्या वेगानें चक्रें फिरून वीज उत्पन्न होते. मायटोकॉन्ड्रियांतही आंतील पडद्यापलीकडे हायड्रोजनचे धनभारित कण सांचतात, आणि परत येतांना ते खरोखरीचें एक चक्र फिरवितात. त्यांतून 'एटीपी' हें शक्तिदायक द्रव्य तयार होतें.

रक्तवाहिनी बुजली म्हणजे प्राणवायूच्या अभावीं हें काम थांबतें. मग ती मोकळी करितांच सर्व सुरळीत व्हावें, असें कोणासही वाटेल. पण दुष्काळांतून आलेल्या माणसास एकदम भरपेट वाढलें तर तें अन्नच त्याच्या जिवावर बेततें, तसें कांहींसें येथें घडतें. रक्त परत येतांच प्राणवायूचे दाहक रेणु उसळतात, कॅल्शियम आंत लोटतें, आणि शक्तिगृहाच्या पडद्यांत एक मोठें द्वार उघडतें. धरणासच भगदाड पडल्यावर चक्र कशानें फिरणार? पेशी मरते, आणि ती मरते उपाय केल्यानंतर, ही यांतली खेदाची गोष्ट.

१९८६ सालीं अमेरिकेंत मरी, जेनिंग्ज व रायमर यांनीं कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केला. एक वाहिनी ४० मिनिटें बंद ठेवण्यापूर्वीं त्यांनीं ती ४ वेळां ५-५ मिनिटें बंद करून सोडली. तेव्हां मृत झालेला भाग एरवींच्या सुमारें चतुर्थांशच भरला. लहान संकटानें हृदय सावध झालें होतें. पुढें १९९७ मध्यें असें आढळलें, कीं रक्त न अडवितां केवळ आयसोफ्लुरेन आधीं हुंगविलें, तरी असेंच संरक्षण मिळतें. आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन हीं जुन्या ईथरच्याच कुळांतलीं. तीं मायटोकॉन्ड्रियाचें काम किंचित् मंद करितात. दाहक रेणु अगदीं थोडे निघतात. त्या इशाऱ्यानें पेशींतील रक्षक प्रथिनें जागीं होतात व पोटॅशियमचीं दारें उघडतात. मग खरें संकट आलें, तरी तें विघातक द्वार सहसा लवकर उघडत नाहीं.

मात्र वृद्ध व मधुमेही प्राण्यांच्या हृदयांत हा गुण फिका पडतो. आणि शस्त्रक्रियेस येणारे रोगी पुष्कळदां तसेच असतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत १३ देशांतील ५,४०० हृदयरोग्यांपैकीं कांहींस वायुरूप भूल व इतरांस शिरेवाटें भूल दिली होती. वर्षभरांतील मृत्यूंचें प्रमाण अनुक्रमें २.८ व ३.० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेंच निघालें. तरुण प्राण्याच्या हृदयांत जें स्पष्ट दिसलें, तें साठी उलटलेल्या मधुमेही शेतकऱ्याच्या हृदयांत अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे.