ऑनलाइन सांघिक खेळ आणि मुलांमधील संघभावना व संवादकौशल्य : म्हसळा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे बालकांचा खेळ अंगणातून पडद्यावर सरकला, हे विधान आता नवे राहिलेले नाही. मात्र पडद्यावरील खेळ सरसकट त्याज्य ठरवावा, की त्यातील काही भाग शिक्षणासाठी हाती घ्यावा, याबाबत पालक व शिक्षक यांच्यात एकवाक्यता आढळत नाही. प्रस्तुत लेखात ऑनलाइन सामूहिक खेळांतून संघभावना व संवादकौशल्य कसे घडते आणि कोणत्या परिस्थितीत घडत नाही, याचे विवेचन म्हसळा परिसर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

म्हसळा हा रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, एकेकाळी जंजिरा संस्थानात मोडणारा प्रदेश. वाड्यावस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. अनेक घरांतील कर्ता पुरुष मुंबईस किंवा आखाती देशांत नोकरीस. त्यामुळे दूर असलेल्या माणसाशी पडद्यावरून बोलणे हे येथील मुलांना नवे नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब, घरांची छपरे, बागा कोसळल्या. वीज व दूरध्वनी सेवा अनेक दिवस खंडित झाली. राज्यात इतरत्र मुले निदान मोबाइलवर भेटत होती, तेव्हा या पट्ट्यातील मुलांना तीही सोय नव्हती. ऑनलाइन खेळाविषयीचा कोणताही विचार येथे वीज, रेंज आणि घरातील एकुलता एक मोबाइल या तीन गोष्टी गृहीत धरूनच करावा लागतो.

खेळातील 'संघ' म्हणजे काय?

अमेरिकन तत्त्वचिंतक जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी आपल्या १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात लुटुपुटीचा खेळ व नियमबद्ध खेळ यांत भेद केला आहे. भातुकलीत मूल एका वेळी एकच भूमिका घेते. नियमबद्ध सांघिक खेळात मात्र त्याला इतर सर्वांच्या भूमिका मनात धरून आपली हालचाल ठरवावी लागते. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण खो-खो होय. पाठलाग करणाऱ्यास मधली रेषा ओलांडता येत नाही व दिशाही बदलता येत नाही. पळणारा पलीकडच्या बाजूस गेला की विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेल्या गड्याला 'खो' देण्यावाचून गत्यंतर नसते. सारा संवाद एका अक्षरात व एका स्पर्शात. परंतु तो क्षणभर उशिरा दिला तर गडी निसटतो. येथे सहकार्य हा उपदेशाचा विषय नसून नियमाचीच ती गरज आहे.

मॉर्टन डॉइच यांनी १९४९ साली मांडलेला सहकार्याचा सिद्धांत हेच सांगतो. एकाचे यश दुसऱ्याच्या यशावर अवलंबून असेल तरच गट खऱ्या अर्थाने गट होतो. ही कसोटी मोबाइलवरील लोकप्रिय खेळांना लावली असता चित्र बरेच बदलते. मोबाइलवरील लुडोमध्ये चार जण एकत्र असले तरी प्रत्येक जण स्वतःच्या फाशावर खेळतो. बोलण्याची आवश्यकता उरत नाही. चौघांच्या तुकडीने खेळावयाच्या युद्धखेळांत परस्परावलंबन निश्चितच असते, पण तेथील भाषा मुख्यतः आज्ञार्थी व तुटक राहते. अशा खेळांपैकी सर्वांत गाजलेल्या पबजी मोबाइलवर केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, ती मात्र अन्य कारणांसाठी.

याउलट २०१५ साली कॅनडातील एका छोट्या कंपनीने काढलेला 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हा खेळ पाहावा. एका खेळाडूला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करावा हे ठाऊक नसते. इतरांच्या हाती सूचनापुस्तिका असते, पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. माहिती वाटली गेल्यामुळे बोलावेच लागते आणि नेमके बोलावे लागते.

नेमके बोलणे मुलांना आपोआप येत नाही, हे रॉबर्ट क्राउस व सॅम ग्लक्सबर्ग यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांनी दाखविले. मध्ये आडपडदा ठेवून दोन मुलांना बसविले आणि एकाने अनोळखी आकृतीचे वर्णन करून दुसऱ्याकडून ती ओळखवून घ्यावी, असे सांगितले. लहान मुले आकृतीला आपल्या मनातील खासगी नाव देत. ऐकणाऱ्यास त्याचा बोध होत नसे. वयाबरोबर हे कौशल्य वाढते. ऑनलाइन खेळाची परिस्थिती नेमकी या आडपडद्यासारखी आहे. बोट दाखवून 'हे बघ, असं' म्हणण्याची सोय तेथे नाही.

एक पडदा, अनेक मुले

सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवून केलेला प्रयोग सर्वपरिचित आहे. पुढे असे संगणक देशाच्या ग्रामीण भागांत बसविले गेले. त्यांत कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावेही होती. त्या प्रयोगाच्या दाव्यांवर नंतर टीकाही झाली व ती बव्हंशी रास्त होती. देखभालीवाचून अनेक संगणक बंद पडले. तरीही त्यातील एक निरीक्षण येथे उपयोगी आहे. एक मूल यंत्र चालवी, भोवतालची मुले सूचना करीत, वाद घालीत आणि त्या गलक्यातूनच शिकणे घडे. घरात एकच मोबाइल असणे ही म्हसळ्यातील उणीव या दृष्टीने पाहिल्यास पूर्णतः उणीव राहत नाही.

यासाठी महागड्या खेळाची आवश्यकता नाही. दोन शाळांनी एका व्हिडिओ कॉलवर यावे. एका शाळेतील पाच मुलांच्या गटाकडे एखाद्या गावाचा नकाशा असावा, त्यांनी केवळ शब्दांनी वर्णन करावे व दुसऱ्या गटाने तो काढावा. बोलणारा दर दोन मिनिटांनी बदलावा. चित्र काढून शब्द ओळखण्याच्या काही ऑनलाइन खेळांत स्वतःची शब्दयादी भरता येते. त्यात होडी, इरले, सुपारीची बाग, भाताची उडवी असे शब्द घातले तर खेळ परका राहत नाही. मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळा एकाच तालुक्यात असूनही त्यांतील मुलांचा परस्परांशी शालेय संबंध क्वचितच येतो. अशा जोड्या लावल्यास समजावून सांगण्याची खरी कसोटी लागेल. रेंज तुटल्यास खेळ केवळ आवाजावर चालू ठेवता येतो, हा आणखी एक लाभ.

मर्यादा

खेळाने कौशल्य वाढतेच, असे मानण्यास पुरावा तोकडा आहे. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१५ साली पंधरा वर्षांच्या मुलांची सहकार्याने समस्या सोडविण्याची क्षमता तपासली गेली. शाळेबाहेर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे गुण न खेळणाऱ्यांपेक्षा सरासरीने किंचित कमी आढळले, तर इंटरनेटवर गप्पा व समाजमाध्यमे वापरणाऱ्यांचे किंचित अधिक. हा कार्यकारणभाव नव्हे आणि त्या चाचणीत सहकारी म्हणून माणूस नव्हे, संगणकच होता. तरी खेळापेक्षा बोलणे महत्त्वाचे, या दिशेने तो निर्देश करतो. म्हणूनच खेळ संपल्यावरची दहा मिनिटे अधिक मोलाची ठरतात. कोणते वाक्य समजले नाही, कोणाचे कोणी ऐकलेच नाही, याची चर्चा शिक्षकाने घडवून आणली नाही तर उरते ती केवळ करमणूक.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, सामाजिक व शैक्षणिक खेळांना मात्र वाव ठेवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. अनोळखी खेळाडू सामील होऊ शकतील अशा खुल्या खोल्या शाळेने वापरूच नयेत.

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. उपरोक्त पिसा चाचणीत सहभागी झालेल्या प्रत्येक देशात मुलींनी मुलांना मागे टाकले. परंतु असर २०२३ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण १९.८ टक्केच. घरच्या मोबाइलवर सोडलेला खेळ बहुधा मुलग्याच्या हाती जातो. हा उपक्रम शाळेच्या वेळात व शाळेच्याच उपकरणावर व्हावा, बोलणाऱ्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी आणि पहिल्या काही खेपा गप्प राहणाऱ्या मुलीची पाळी 'तिला जमत नाही' म्हणून दुसऱ्यास देऊ नये.